पारोची कबर आणि गिलसाहेबाचा संसार

अजिंठ्याची सहल करून आलेल्या कोणालाही विचारा, गिलसाहेब कोण? तो लगेच सांगेल, पारोवर जीव टाकणारा गोरा चित्रकार. मग विचारा, त्याच्या चित्रांचे काय झाले? आणि ही पारो त्याच्या घरात कोण होती? इथे गाडी अडते. वाचक बंधू-भगिनींनो, गाइड सांगतो ती गोष्ट गोड आहे, पण आम्ही पडलो कारकून. गोष्ट ऐकली की तारखा लावून पाहण्याची खोड जात नाही.

1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि बाहेरच्या जगाला त्यांची खबर लागली. आपल्या परभणीसारखाच अजिंठाही तेव्हा निजामाच्या मुलखात होता. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल याला भिंतींवरील चित्रांच्या नकला काढायला नेमले. वय चाळीस. त्याने अजिंठा गावातल्या बारादरीत बिऱ्हाड केले. तिथून घाट उतरून लेण्यांकडे जायचे. वाघोरा नदीने नालेसारखे वळण घेतलेले, वर काळा कडा, पावसाळ्यात धो धो धबधबा. लेण्यांत अंधार, वटवाघळे, आग्या मोहोळे, आणि भोवतीच्या रानात वाघ. अशा ठिकाणी मोठमोठ्या कॅनव्हासवर तेलरंगात तो वर्षानुवर्षे चित्रे काढीत बसला.

त्याने काय पाहिले असेल? जे आपल्याला दिसते तेच. पद्मपाणी बोधिसत्त्व तर आहेच, पण छतावर आणि खांबांवर आंबे, कमळे, हंस, हत्ती, माकडे. भिक्खूंच्या निवासासाठी चितारणाऱ्या त्या जुन्या कारागिरांनी डोळ्यांसमोरचा मुलूखच भिंतीवर आणला. रंगही मातीचेच: गेरू, पिवळी माती, चुना, काजळी. निळा दगड तेवढा दूर देशाहून आलेला. भिंतीला लेप चिखलाचा, त्यात भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू. ज्या आईने आयुष्यभर भिंती लिंपल्या, तिला हे काम कोणी समजावून सांगायला नको. तिला लेण्यात नेऊन उभे करा, ती हात लावायला जाईल आणि रखवालदार ओरडेल!

आता तारखा. गिलने 1841 मध्ये फ्रान्सिस नावाच्या बाईशी लग्न केले होते, मुलेही झाली होती. तरी अजिंठ्यात त्याच्याबरोबर पारो राहिली. गावात तिची कबर आहे. दगडावर तिचे नाव आणि 23 मे 1856 ही मृत्यूची तारीख. जात नाही, बापाचे नाव नाही. लोक तिला आदिवासी म्हणतात. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, 2012 मध्ये नितीन देसाईंचा सिनेमाही आला. त्यामुळे पारो घरोघर माहीत झाली, पण रानातली अप्सरा म्हणून. पारो गेल्यावर साहेब वेडापिसा झाला, असेही सांगतात. तो त्यानंतर 23 वर्षे जगला, अ‍ॅनी नावाच्या बाईपासून त्याला दोन मुली झाल्या. प्रेम खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. कंपनीच्या राज्यात गोऱ्याने एका गावकरी बाईच्या नावाचा दगड उभा केला, ही लहान गोष्ट नव्हे. पण एका पुरुषाच्या संसारात तीन बायका होत्या, त्यांतली एकच गोष्टीत राहिली आणि तीही मेल्यामुळे, हे आपल्या बायाबापड्यांना सांगितले पाहिजे.

चित्रांचे तर फारच वाईट झाले. गिलची पंचवीसच्या वर चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि चार-पाच सोडून सगळी जळाली. नंतर 1872 पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला काढल्या. त्याही बऱ्याचशा 1885 मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. गिलने 1856 पासून कॅमेराही हाती घेतला होता, म्हणून तेव्हाच्या लेण्यांचे फोटो तरी उरले. तो 1879 मध्ये वारला, भुसावळला पुरला.

पाट्या आणि कमानी रंगवणारे पेंटर आपल्या वस्त्यांतही होते. फ्लेक्स आल्यावर त्यांचा धंदा बसला. घासलेटात ब्रश धुणारी, रंगाच्या डब्यांवर झाकणे लावणारी त्यांची बायको कोणत्याही पाटीवर सही करीत नसे. पेंटरचे नाव मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरात असे. पारोने गिलला पाने-फुले आणून दिली, रंग करून दिले, असे गाइड सांगतात तेव्हा आम्हाला या बाया आठवतात.

सिल्लोडकडून जाताना अजिंठा गाव आधी लागते, लेणी तिथून दहा-बारा किलोमीटर पुढे. बहुतेक गाड्या गावात थांबत नाहीत. पारोची कबर पाहायची असेल तर ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा. एकदा गाडी घाटाला लागली की तो मागे वळवीत नाही.