कासरा कुणाच्या हातात?

आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं म्हणजे संस्कृतींची गळाभेट, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा पुरावा लेचापेचा नाही. 1851 मध्ये लंडनच्या ‘क्रिस्टल पॅलेस’मध्ये हिंदी कारागिरीची वाहवा झाली. पुढे 1857 मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली, 1872 मध्ये राणीच्या बागेतलं संग्रहालय उघडलं. 1893 मध्ये राजा रविवर्म्याला शिकागोत पदकं मिळाली. एवढं पदरात पडल्यावर तक्रार कसली?

तक्रार तारखांपासूनच सुरू होते. राजूरजवळच्या देवगावचा, इंग्रजांविरुद्ध बंड करणारा राघोजी भांगरे 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. क्रिस्टल पॅलेसचं उद्घाटन झालं 1 मे 1851 रोजी, म्हणजे बरोबर तीन वर्षांना एक दिवस कमी असताना. त्या काचेच्या महालात आमचे हौदे, शाली, दागिने मांडले होते. ज्या मुलखातून ते आले तिथली बंडं कशी मोडली, याची चिठ्ठी कुठल्याच वस्तूला नव्हती. कोहिनूर तर 1849 मध्ये पंजाबच्या अल्पवयीन महाराजाकडून तहाने काढून घेतलेला. तो सोनेरी पिंजऱ्यात ठेवला. लोकांना तो पुरेसा चमकेना, म्हणून पुढच्याच वर्षी घासून जवळजवळ निम्मा केला. लुटीचा माल तो लुटीचा माल, वर त्याला नापासही केलं!

‘पण कारागिरांना व्यासपीठ मिळालं,’ हा दुसरा युक्तिवाद. 1886 च्या लंडनच्या वसाहती प्रदर्शनात हिंदी कारागीर जिवंत बसवले होते. पिढीजात कसबी म्हणून दाखवलेल्या त्या माणसांपैकी बरेच जण आग्ऱ्याच्या तुरुंगात काम शिकलेले होते. रविवर्म्याची पदकं खरी, पण तिथेही कौतुक झालं ते चित्रांतल्या पेहरावांचं आणि रीतिरिवाजांचं, म्हणजे चित्रकाराचं कमी आणि नमुन्यांचं जास्त. मुंबईच्या संग्रहालयासाठी झटलेले जॉर्ज बर्डवुड आमच्या हस्तकौशल्याचे मोठे चाहते. त्यांनीच 1910 मध्ये एका बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. कसब तुमचं, कला आमची, अशी ही वाटणी.

मग प्रदर्शनंच नकोत का? असं राजूरचा माणूस म्हणणार नाही. इथे हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. फलक असतात, पुढाऱ्यांची भाषणंही असतात. सत्ता इथेही मिरवून घेतेच. फरक पडतो तो निकषांत. डांगी बैल डांगाणच्या मुसळधार पावसात आणि भाताच्या चिखलात घडलेला. त्याच्या कातडीला तेलकट ओल असते, तिच्यावरून पाणी निथळून जातं. काळे खूर टणक असतात. हे गुण कुणा परक्या ग्रंथातून आलेले नाहीत, आवणीच्या दिवसांत पारखलेले आहेत. आदत, दोन दाती, चार दाती असे गट पडतात. परीक्षक दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो आणि शेजारी कासरा धरून मालक उभा असतो. निकाल पटला नाही तर तो तिथल्या तिथे भांडतो. शेजारचे चार जण त्याच्या बाजूने बोलतात, चार विरुद्ध.

हरलेला वळूही संध्याकाळी मालकाबरोबर आपल्या गोठ्यात परततो. कोहिनूर अजून लंडनच्या टॉवरमध्येच आहे.