इंग्लिश फाडू, वर्णन भोंगळ!

गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट म्हणून आमच्या चौघींच्या ग्रुपने हॉस्टेल मेससाठी एक एआय एजंट केला. मेनू, बिल, खाडे, काय हवं ते विचारा, तो डेटाबेसमध्ये बघून उत्तर देणार. कोड तिघींनी लिहिला. टूल्सची वर्णनं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर "तू कॉन्व्हेंटवाली, तुझं इंग्लिश फाडू आहे, तूच लिही!"

मीही खूश. खाड्यांच्या टूलसाठी झोकात लिहिलं, 'सीमलेसली रिट्रीव्ज कॉम्प्रिहेन्सिव्ह मेस लीव्ह डेटा'. सबमिशन झालं, मार्क्सही बरे पडले.

मग महिनाअखेरीला माझ्या रूममेटने एजंटला विचारलं, "माझे खाडे किती?" तो म्हणाला, ११. तिने हिशेब केला आणि घरी फोन करून सांगितलं, या वेळी पैसे कमी पाठवा. प्रत्यक्षात मंजूर झाले होते ६. उरलेल्या ५ दिवसांचा अर्ज उशिरा दिला म्हणून नामंजूर झाला होता. पाच दिवसांचे पैसे तिला मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागले.

सगळ्या म्हणाल्या, एआय चुकला. मलाही तसंच वाटलं. पण मग टेबल उघडून बघितलं. 'स्थिती' नावाच्या कॉलममध्ये ०, १ आणि २ असे आकडे. ० म्हणजे प्रलंबित, १ म्हणजे मंजूर, २ म्हणजे नामंजूर. हे आम्हा चौघींना पाठ होतं. एजंटला सांगितलं कुणी? कुणीच नाही! त्याने बिचाऱ्याने सगळ्या अर्जांचे दिवस मिळवले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एजंटला आपला कोड दिसत नाही. २०२३ च्या जूनमध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी आणलं. दोन्हींत पद्धत तीच. मॉडेलसमोर टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला काय काय द्यायचं याचा साचा, एवढंच जातं. त्यावरून कुठलं टूल वापरायचं ते ते ठरवतं. म्हणजे वर्णन ही शोभेची वस्तू नाही, तो प्रोग्रामचाच भाग आहे. चुकलं तर एरर येत नाही. खात्रीच्या आवाजात चुकीचं उत्तर येतं, आणि हे जास्त वाईट.

आता मी ते वर्णन असं लिहिलंय : 'रोल नंबर आणि महिना दिल्यावर त्या महिन्यातले फक्त मंजूर खाडे देते. आकडा दिवसांत. महिना २०२५-०८ असा द्यावा. प्रलंबित आणि नामंजूर अर्जांसाठी दुसरं टूल वापरावं. रिकामी यादी आली तर मंजूर खाडा नाही एवढाच अर्थ घ्यावा, अर्जच केला नाही असं समजू नये.' सोबत टूलची क्वेरीही बदलून फक्त मंजूर अर्ज येतील अशी केली. यात एकही भारी शब्द नाही. पण मेसच्या खिडकीवर आज रुजू झालेल्या माणसालाही यावरून काम करता येईल. माझ्या मते हीच खरी परीक्षा.

काही जण म्हणतील, मग पानभर लिहू या. तेही नको. प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेलला वाचावं लागतं, आणि फापटपसाऱ्यात कामाचं वाक्य हरवतं. 'मेस माहिती' आणि 'मेस तपशील' अशी जुळी नावं तर नकोच. आपणच गोंधळतो, तिथे त्याची काय कथा!

आणि वर्णनाच्या भरवशावर तिजोरी उघडी टाकू नका. 'कृपया डिलीट करू नये' असं लिहिणं म्हणजे दाराला पाटी लावणं, कुलूप नव्हे. एजंटला डेटाबेसमध्ये वेगळा यूजर द्या आणि त्याला फक्त सिलेक्टची परवानगी ठेवा. मग तो चुकला तरी रेकॉर्ड पुसलं जाणार नाही.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. व्हायवाला आम्हाला कोड विचारता, तसं एकदा टूलचं वर्णन मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "यातला २ म्हणजे काय?" अर्ध्या ग्रुपांची बोबडी वळेल, माझी वळली असती.

आणि मित्रमैत्रिणींनो, वर्णन लिहायचं काम इंग्लिश चांगलं असणारीला देऊ नका. ज्याने टेबल बनवलं, ज्याला त्यातल्या खाचाखोचा माहीत आहेत, त्याला द्या. त्याचं इंग्लिश मोडकंतोडकं असलं तरी चालेल. स्पेलिंग मी तपासून देईन!