पुढं टावर नाही भेटत

चंद्रपूरच्या माणसाला सहलीसाठी लांब जावं लागत नाही. सकाळी डबे भरून निघालं की तासाभरात मोहर्ली येतं. नागभीडकडे घोडाझरीचा तलाव आहे, चामोर्शी तालुक्यात उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव आहे, आणि दोन दिवसांची सवड असली तर गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असं करत हेमलकसा-भामरागडपर्यंत जाता येतं. आलापल्लीचा साग पाहायला लोक कुठून कुठून येतात. आम्हाला तो घरचा आहे. या वाटांवर म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन निघताना अलीकडे जो मनस्ताप होतो, त्यात जंगलाचा काही दोष नाही. दोष आमच्या हातात आलेल्या यंत्रांचा आहे आणि ती जिथे बनतात तिथल्या लोकांच्या समजुतीचा आहे.

ही समजूत अशी, की माणूस जिथे जाईल तिथे नेटवर्क असेल आणि हवा बेताची गरम असेल. म्हणून त्यांनी सगळं एका फोनात घातलं. तिकीट फोनात, पैसे फोनात, रस्ता फोनात, गाडीचा विमा आणि लायसन्ससुद्धा फोनात. तो फोन मान टाकतो तेव्हा अख्खं कुटुंब रस्त्यात उभं राहतं.

उन्हाचंच घ्या. फोनसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे यंत्र साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं. चंद्रपुरात ३५ अंश ही मार्चमधली दुपार. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, नवतपा लागला की आणखी चढतो. शाळांना सुट्ट्या तेव्हाच, लग्नं तेव्हाच, पाहुणे तेव्हाच, आणि पाणवठ्यावर वाघ दिसण्याचे दिवसही तेच. गाडीच्या समोरच्या काचेशी रस्ता दाखवायला लावलेला फोन थेट उन्हात असतो, गाडीत एसी चालू असला तरी. आधी त्याचा स्क्रीन अंधारतो, मग चार्जिंग थांबतं, मग तापल्याची सूचना देऊन तो बंद होतो. गोंडपिपरीच्या पुढे भर दुपारी आमच्या गाडीत हेच झालं. रस्ता गेला आणि हेमलकशाला ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्यांचा नंबरही गेला. सासूबाईंनी पर्समधून छोटी वही काढली. तीत सगळ्या नातेवाइकांचे नंबर त्यांच्या हाताने लिहिलेले आहेत. पुढच्या गावात एका दुकानदाराच्या फोनवरून बोलणं झालं.

फोन स्वतःहून बंद होतो ते योग्यच आहे. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर खराब होते, जास्तच तापली तर धोकाही असतो. (तापलेला फोन घाईने बर्फाच्या डब्यात ठेवू नका, आत दव धरून तो कायमचा जातो. सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा.) माझी तक्रार वेगळी आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव या गावांत जो फोन ढिगाने विकला जातो, तो विकताना इथल्या उन्हाचा विचार कुणी का करत नाही? दुकानात मेगापिक्सेल किती ते सांगतात. उन्हात किती वेळ चालेल ते सांगत नाहीत, आणि आपणही विचारत नाही.

आलापल्ली सोडली की टावर येतो आणि जातो. चौकात चहा घेतला तेव्हा पैसे देताना फोनवरचं चाक नुसतं फिरत राहिलं. चहावाल्या भाऊंनी हातानेच राहू द्या म्हटलं. “आता पुढं टावर नाही भेटत जी. वापस येताना देजा.” अनोळखी कुटुंबाला त्यांनी चहा-भजी उधार दिली. आमच्याकडच्या माणसांचा हा मोठेपणा आहे, पण व्यवस्थेने त्याच्या भरवशावर चालावं हे मला पटत नाही. तेवढं नुकसान सोसण्याची ताकद टपरीवाल्याकडे नसते.

त्याआधी एका पेट्रोल पंपावर याहून वाईट झालं होतं. माझ्या खात्यातून पैसे गेले, पंपाच्या यंत्रावर आले नाहीत. मागे ट्रकांची रांग लागली, पोरगा म्हणाला पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवले, तेही अडकले. शेवटी नवऱ्याकडच्या रोख पैशांनी सुटका झाली. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याच पंपावर लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून कापले गेले पण त्याला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर बँकेने ते व्यवहारानंतर ५ दिवसांत आपणहून परत करायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे अडकले तर मुदत एकाच दिवसाची. माझे पैसे आले. पण पाच दिवस ही मुदत आठवड्याची मजुरी खिशात घेऊन बाजाराला आलेल्या बाईसाठी फार मोठी आहे.

इंटरनेटशिवाय पैसे देण्याचे मार्ग आहेत, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे. *९९# लावून साध्या फोनवरूनही यूपीआय चालतं, मराठीतसुद्धा. बटणाच्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं. दोन्हींना इंटरनेट लागत नाही, साधा टावर मात्र लागतो. या गोष्टींची जाहिरात मी भामरागडच्या रस्त्यावर पाहिलेली नाही, आणि खरी गरज तिथेच आहे.

रस्ता दाखवणाऱ्या ॲपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात गैरसमज फार आहे. फोनला आपण कुठे आहोत हे उपग्रहांकडून कळतं. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की जागा ठरते, त्यासाठी टावर लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. टावर असला तर जागा लवकर सापडते, एवढंच. नेटवर्क गेल्यावर अडतो तो नकाशा, कारण तो तुकड्या-तुकड्याने इंटरनेटवरून येत असतो. घरून निघतानाच वाटेतल्या जिल्ह्यांचा नकाशा उतरवून घेतला तर पेरमिलीच्या पुढच्या जंगलातही आपला ठिपका रस्त्यावर दिसत राहतो. ही सोय बहुतेक नकाशांत आहे, पण ती कुठेतरी आतल्या पानावर दडवलेली असते. ती पहिल्या पानावर हवी.

आणि नकाशा असला तरी तो बरोबर असतोच असं नाही. मार्कंड्याला जाताना ॲपने आम्हाला जवळचा रस्ता म्हणून सावली तालुक्यातल्या गाडीवाटेने नेलं आणि वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर आणून सोडलं. नकाशावर देऊळ अगदी समोर, मध्ये नदीचं भलंमोठं पात्र. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर कुणी पात्रातून गेलं असेल, यंत्राने त्यालाच रस्ता मानलं असावं. काठावर गुरं घेऊन आलेल्या काकांनी गाडीत डोकावून पाहिलं. “इकडून काहून आले जी? पूल व्याहाडाकडं हाय.” सासूबाई मागे बसून नुसत्या पदराने वारा घेत होत्या. त्यांच्या वयाच्या माणसाला उन्हात इतका फेरा पडणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. आमच्याकडे नदी, नाले आणि जंगलवाटा ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडशी संपर्क तुटतो, हे या भागातलं शाळकरी पोरही सांगेल. बांधकाम खात्याने आणि वनखात्याने आपल्याकडची ही माहिती नकाशावाल्यांना द्यायला हवी, आणि त्यांनी ती घ्यायला हवी. तोवर गुराख्याला विचारावं. त्याचं उत्तर आजवर चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

ताडोब्याची गोष्ट निराळी आहे. तिथे सफारीत मोबाईल नेता येत नाही, आणि मला तो नियम मनापासून पटतो. २०२४ सरता सरता शेजारच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट अडवली, त्याच्या चित्रफिती सगळीकडे फिरल्या आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. फोन हातात असला की एका गाडीला वाघ दिसल्याची खबर दुसऱ्या गाडीला जाते आणि सगळे तिकडे धावतात. आमच्या सफारीत फोन नव्हता म्हणून माझ्या लेकीने त्या सकाळी गाईडदादांचं बोलणं ऐकलं. सांबराची हाक आणि चितळाची हाक वेगळी कशी, ऐनाच्या झाडाची साल कशी असते, हे तिला आजही सांगता येतं. वाघ दिसला नाही, आणि घरी कुणीही हळहळलं नाही.

फोन चालत नाही म्हणून आम्ही लेकीला एक छोटा कॅमेरा घेऊन दिला होता. त्यात फोटो छान आले. घरी येऊन ते बाहेर काढायचे तर कॅमेऱ्याचं ॲप फोनवर घ्या, खातं उघडा, ओटीपी द्या. पुढच्या सुट्टीपर्यंत ॲपची नवी आवृत्ती आली आणि तिने आमचा कॅमेरा ओळखायला नकार दिला. यंत्र धडधाकट, भिंग धडधाकट, फोटो आत कोंडलेले. दुकानदाराने नागपूरच्या सेवा केंद्राचा पत्ता दिला. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, त्यामुळे आम्हाला निदान जाऊन येता येतं. सिरोंचातल्या माणसाला तर स्वतःच्या जिल्ह्याचं ठिकाणच दोनशे किलोमीटरवर आहे. त्याने बिघडलेली वस्तू कुठे न्यायची? विकायला प्रत्येक तालुक्यात माणूस मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट झाली. पण चालू यंत्र ॲप बदलून निकामी करणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि कायद्याने तिला फसवणूकच म्हणावं असं माझं ठाम मत आहे.

यंत्रांशी माझं वैर नाही. ताडोबाच्या बफरमध्ये मोहर्लीजवळ सीतारामपेठ नावाचं गाव आहे. गावाच्या कडेला कॅमेरे लावून, वाघ ओळखून गावकऱ्यांना इशारा देणारी यंत्रणा तिथे बसवली गेली. जिथे मोहफुलं वेचायला पहाटे बायका बाहेर पडतात, तिथे अशा इशाऱ्याची किंमत काय हे सांगायला नको. ती यंत्रणा त्या गावाची गरज पाहून उभी राहिली. टावरांच्या बाबतीतही काही हललं आहे. नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ जुने टावर ४जी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी जुलैत नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली. देशभराचे हे आकडे आहेत, पण एटापल्ली-भामरागडकडच्या लोकांचा त्यांवर पहिला हक्क आहे. त्याच भागातल्या गर्देवाड्याला एसटी पोचायला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. टावरासाठी तेवढं थांबायला लावू नका.

एसटीवरून आठवलं. सासूबाईंना पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे, ऑगस्ट २०२२ पासून. त्यासाठी त्या वाहकाला आधार कार्ड दाखवतात, वाहक शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो. ओटीपी नाही, खातं नाही. इतकं साधं बाकीचं का होऊ शकत नाही, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. सफारीचं असो की मुक्कामाचं, ऑनलाईन बुकिंगसोबत प्रत्यक्ष खिडकीही चालू राहू द्या. आलापल्लीच्या पुढे टावर कुठवर आहे, शेवटचं एटीएम आणि शेवटचा पंप कुठे आहे, याची मोठी पाटी चौकात लावा. कंपन्यांनी तालुक्याला नाही तर निदान जिल्ह्याला एक दुरुस्ती केंद्र द्यावं.

आणि वाचकहो, नवी वस्तू घेताना दुकानदाराला एवढं जरूर विचारा, की इंटरनेट नसताना ही चालते का आणि बिघडली तर इथे दुरुस्त होते का. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका. घेऊन फसलात तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. तिचा क्रमांक १९१५ आहे, आणि तो बटणाच्या साध्या फोनवरूनही लागतो.