मोडीत देण्याआधी मेडलची कड वाचा

१७ सप्टेंबर आला की आपल्याकडं ध्वजवंदन होतं, भाषणं होतात, हुतात्म्यांची नावं घेतली जातात. पण त्या पिढीच्या वस्तूंचं काय? फौजेतली मेडलं, टोपीचे बॅज, पितळी बटणं, डिस्चार्जचे कागद? चांदी असंल तर सराफाकडं मोडीत, पितळ असंल तर भंगाराच्या गाड्यावर. ह्यावर कुणी बोलत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आमचं मुदखेड सीआरपीएफच्या प्रशिक्षण केंद्राचं गाव. पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं रोज दिसतात. वर्दीचं अप्रूप भरपूर. पण आजोबाच्या ट्रंकेतलं मेडल कोणत्या लढाईचं, हे विचारा, घर गप्प.

दोनेक वर्षांखाली ओळखीच्या सराफाकडं बसलो होतो. जोडवी आणि करदोड्यासोबत एक जाड गोल तुकडा मोडीत आला होता. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा माणूस, १९१४ आणि १९१८. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं. भिंग घेऊन कड बघितली तर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं होतं. सराफ म्हणाले, "आम्ही वजन बघतो साहेब, कड कोण बघतंय?" त्यांना कशाला बोल लावू? आणून देणाऱ्यांनाच माहीत नव्हतं.

अशी मेडलं लाखोंनी वाटली गेली, त्यामुळं ती दुर्मिळ नाहीत. पण त्या कडेवरचं नाव एकाच माणसाचं असतं. आपल्या बहुतेक घरांत त्या माणसाचा फोटो नाही, पत्र नाही. तो समुद्रापलीकडं गेला होता ह्याचा पुरावा म्हणजे तेवढी एक ओळ. मूस तापली की तीही जाते.

आता आपल्या भागातली खास गोची. कडेवर 'हैदराबाद' वाचलं की लोक म्हणतात, निजामाची फौज. थांबा. '१९ हैदराबाद रेजिमेंट' ही इंग्रजांच्या हिंदी लष्करातली पलटण होती; १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं आणि ती आजही आपल्या सेनेत आहे. 'हैदराबाद लान्सर्स' मात्र निजामाच्या संस्थानी फौजेतले. पहिल्या महायुद्धात ते सुवेझ आणि पॅलेस्टाईनकडं गेले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरच्या ह्याच घोडदळांचे. एका शब्दाच्या फरकानं अख्खा इतिहास बदलतो.

आणि समजा निघालीच निजामाच्या फौजेची वस्तू, तर ती लपवायची कशाला? लोक लपवतात, हे मी बघितलंय. संस्थानची पगारी फौज वेगळी आणि कासिम रझवीचे रझाकार वेगळे. पॅलेस्टाईनची मोहीम १९१८ ची, रझाकारांचा धुमाकूळ १९४७-४८ चा. मधी तीस वर्षं. रझाकारांनी जे केलं ते विसरायचं नाहीच, पण त्याची लाज तीस वर्षं आधीच्या घोडेस्वाराच्या माथी मारणं मला पटत नाही.

ह्या वस्तूंचा बाजार मोठा आहे आणि त्यात बनावटही मुबलक. जुनं नाव घासून नवं कोरलेलं असतं, मग मेडलचा व्यास किंचित घटतो. ब्रिटिश वॉर मेडल साधारण ३६ मिलिमीटरचं. कॅलिपर लावला की खोटेपणा सापडायला मदत होते. रिबिनीवर तर विश्वासच ठेवू नका, ती कुणीही बदलतं. आणि हात जोडून सांगतो, चिंच, राख, पितांबरी लावून मेडल घासू नका. चमक येईल, अक्षरं झिजतील.

चोरीचंही सांगतो. हिमाचलच्या नाईक किरपा राम यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला होता. तो २००२ मध्ये घरातून चोरीला गेला आणि २००९ मध्ये थेट लंडनच्या लिलावात निघाला. ओळख पटली म्हणून लिलाव थांबला आणि पुढं तो त्यांच्या पत्नीला परत मिळाला. आपल्याकडच्या एखाद्या मेडलचं असं झालं तर ते आपलं म्हणून दाखवायला आपल्याकडं काय आहे? साधा फोटोसुद्धा नाही. शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं परदेशी पाठवता येत नाही, पण कायद्याला वस्तू होती हे तरी कळायला पाहिजे ना?

म्हणून माझी मागणी लहान आहे. संग्रहालय बांधा म्हणत नाही; टेंडर निघंल, फीत कापली जाईल, पुढं कुलूप. प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक रजिस्टर घालावं. कुणाच्या घरी काय आहे, कडेवर काय लिहिलंय, फोटो. वस्तू घरच्यांकडंच राहू द्या. १९६५ आणि १९७१ ला गेलेल्यांचीही नोंद घ्या, त्यातले काहीजण अजून सांगायला आहेत. शाळेतली पोरं हे काम आठवडाभरात करतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं त्याची एक प्रत ठेवावी.

तोवर ज्यांच्या घरी काही असंल त्यांनी पुढची बाजू, मागची बाजू आणि कड असे तीन फोटो काढून मला पाठवा. कड उजेडात तिरकी धरा, अक्षरं उठून दिसतात. वाचायला मी मदत करतो, पैसे नाहीत. मी विकतही घेत नाही, कुणाला गिऱ्हाईकही सांगत नाही. फक्त ट्रंकेत काडतूस किंवा हातबॉम्बसारखं काही दिसलं तर त्याला हात लावू नका, आधी पोलीस ठाण्याला फोन करा.