सुट्टी कोणाची?

आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डाभोवती वर्षातून दोनदाच खरी गर्दी होते. एकदा निकाल लागतो तेव्हा नि एकदा दिवाळीच्या सुट्टीचा कागद लागतो तेव्हा. निकालाच्या वेळी पुढचे हळूच मागे सरकतात, सुट्टीच्या वेळी मात्र सर्वांनाच पुढे यायचे असते. हल्ली हा निरोप मोबाइलवरही येतो, पण सही-शिक्क्याचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही.

त्या गर्दीतला आनंद मला मात्र कधी जमला नाही. मी सुट्टीच्या विरुद्ध आहे असे कृपया कोणी समजू नये. अडचण इतकीच की आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सुट्टी ही वस्तूदेखील घरात माझ्याबरोबरच आली आणि तिचे काय करायचे असते हे कोणालाच ठाऊक नाही. पहिल्या वर्षी मधल्या वारी मी घरात दिसले तेव्हा आजी घाबरून म्हणाली, "आज गं कशी घरी? कोण गेलं?" चालते काम एकाच कारणाने थांबते असा तिचा आयुष्यभराचा अनुभव. मी म्हटले, "कुणी गेलं नाही आजी, जयंती आहे." त्यावर ती म्हणाली, "जन्मलं म्हणून काम बंद? नवलच हाय बाई," आणि शेणाची पाटी माझ्यापुढे सरकवली.

तेव्हापासून माझे गणित ठरून गेले आहे. कॉलेज असेल त्या दिवशी सहाला उठायचे, सुट्टी असेल त्या दिवशी पाचला. कारण सुट्टीच्या दिवशी मी 'रिकामी' असते. हा एक शब्द कोणीतरी मराठीतून काढून टाकावा, मी त्यांची आभारी राहीन. 'तू रिकामीच आहेस' म्हणून गल्लीतले पीकविम्याचे कागद माझ्याकडे येतात, कोणाच्या नातवाचा गृहपाठ येतो, मोबाइलवर आलेला इंग्रजी निरोप वाचून घ्यायला शेजारच्या काकू येतात. पाहुणे आले की त्यांचा ठरलेला प्रश्न, "अजून किती राहिलं गं शिकायचं?" हा प्रश्न ते अशा सुरात विचारतात की मला दोन वर्षांपासून ताप येतो आहे असे वाटावे.

रविवारी आमच्या धर्मापुरीत शहरातली माणसे केदारेश्वराचे देऊळ आणि किल्ला पाहायला येतात. सुट्टी कशी घालवायची असते ते मी त्यांच्याकडे बघूनच शिकले. ती फोटो काढतात, सावलीला बसतात, डबा खातात नि "किती शांत आहे हो तुमच्याकडे!" असे म्हणून निघून जातात. एकदा एका बाईंनी मला विचारले, "तुम्ही रोज येत असाल ना इथं?" खरे म्हणजे आम्ही देवळाजवळून रोज जातो, ते डोक्यावर काहीतरी घेऊन. देवळाच्या भिंतींवर चालुक्यांच्या काळातल्या ज्या दगडी बायका आहेत त्या मला म्हणूनच जवळच्या वाटतात. त्यांनाही गेल्या कित्येक शतकांत बसायला मिळालेले नाही.

आमच्याकडे एकच हक्काची सुट्टी, ती बैलाची. श्रावणी अमावस्येला पोळा. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे तूप-हळद लावून मळतात, "आज आवतण, उद्या जेवायला या" असे त्याला मानाने बोलावतात. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही. झूल, घुंगरं, पुरणपोळी. पण मित्रमैत्रिणींनो, ते पुरण कोण वाटते? बैलाच्या सुट्टीच्या दिवशी माझ्या आईला दुप्पट काम असते. तिला आवतण द्यायला अद्याप कोणी आलेले नाही.

रविवारची सुट्टी ही आकाशातून पडलेली नाही, हे मला इथेच, कॉलेजात येऊन समजले. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे ह्या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे १८९० च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे ही सुट्टी मागितली मजुरांनी. आज ती बिनबोभाट मिळते कोणाला? कारकुनाला, प्राध्यापकांना (सरांनी रागावू नये) आणि आम्हा विद्यार्थ्यांना. लोखंड्यांचा रविवार मुंबईहून निघाला तो कॉलेजच्या फाटकापर्यंत आला. उसाच्या फडात तो अजून पोहोचलेला नाही.

कारण फडात सुट्टीला सुट्टी म्हणत नाहीत, 'खाडा' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. दोन माणसे नि नाव हत्याराचे! त्यातले एक आजारी पडले, एक दिवस बसले, की खाड्याचे पैसे कापले जातात. बाईला महिन्यातले जे चार दिवस जड जातात तेही खाड्यातच. २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले, ते ऊस तोडणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या म्हणून. त्या बातम्यांत ह्या खाड्याचा उल्लेख होता. आमच्या घरी ती बातमी मीच वाचून दाखवली. आई काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली.

आता पुन्हा दिवाळीच्या सुट्टीकडे येते. ही सुट्टी लागते तेव्हा फराळाला घरी जायचे असते असे धरलेले आहे. ते काहींच्या बाबतीत खरेही आहे. पण आमच्यासारख्या पुष्कळांच्या घरची माणसे त्याच सुमारास बिऱ्हाड बांधून कारखान्यावर गेलेली असतात. घरी आजी, धाकटा भाऊ, दोन शेळ्या आणि मी. मग ते वीस-बावीस दिवस स्वयंपाक, पाणी, शेळ्या आणि 'रिकामी आहेस ना' ह्यांत जातात. पुस्तक उघडायला ना जागा ना निवांतपणा. कॉलेजातले ते लाकडी बाक मला त्या दिवसांत स्वप्नात दिसतात. तास असतो तेव्हा कोणी मला शेळीमागे पाठवत नाही. खरे सांगायचे तर आमची सुट्टी म्हणजे कॉलेज.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. वर्ग खुशाल बंद ठेवावेत, प्राध्यापकांनी खुशाल गावी जावे, त्यांनाही मुलेबाळे आहेत. फक्त दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयाची वाचनखोली दुपारी तीन तास उघडी असावी. झाडून काढणे, बाक लावणे, दिवे बंद करणे ही कामे आम्ही पाळीपाळीने करू. आजीची परवानगी मी मिळवली आहे. 'परीक्षा आहे' असे सांगितले की ती पुढे काही विचारत नाही. तसा अर्ज अकरा जणांच्या सह्या घेऊन आम्ही कार्यालयात दिला आहे. तो वाचून घेण्यात आला, कल्पना चांगली आहे असेही सांगण्यात आले, आणि सुट्टी संपली की त्यावर विचार करू, असे आश्वासन मिळाले आहे.