अंथरूण पाहून पाय पसरा, 'सी'मध्येसुद्धा!

मंडळी, वीकेंड आहे, तेव्हा थोडं 'सी'पुराण. चादरीचं माप सोलापूरकराला शिकवायला नको. पण प्रोग्रामिंग करताना आपण काय करतो? अंदाजाने एक बफर घेतो, 'एवढा बास की!' म्हणतो आणि स्प्रिंटएफने मजकूर त्यात कोंबतो.

आता गंमत बघा. रोमन लिपीत सोलापूर म्हणजे ७ अक्षरं, ७ बाइट. शेवटचा नल धरून ८. तेच देवनागरीत, यूटीएफ-८ मध्ये लिहा. स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र. चिन्हं सातच, पण प्रत्येकाला ३ बाइट. झाले २१, नल धरून २२! बफर २० चा असेल तर स्प्रिंटएफ उरलेले २ बाइट शेजारच्या मेमरीत लिहून मोकळं. एसएनप्रिंटएफ तेवढा आगाऊपणा करत नाही, पण 'र'चा एकच बाइट ठेवून बाकीचे कापतं. पडद्यावर 'सोलापू' आणि पुढे काहीतरी कचरा. मेमरी वाचली, गावाचं नाव गेलं!

माझं मत सरळ आहे: आधी मोजा, मग जागा घ्या. तीन टिंबांचं, म्हणजे कितीही आर्ग्युमेंट्स घेणारं फंक्शन लिहिताना व्हीएसएनप्रिंटएफला आधी आकार शून्य द्या. नल सोडून किती बाइट लागतील ते ते सांगतं (उत्तर ऋण आलं तर चूक समजा). त्यात एक मिळवा, मॅलॉक करा, पुन्हा बोलवा. फक्त एकदा वापरलेली व्हीए_लिस्ट परत चालत नाही. आधीच व्हीए_कॉपी करून ठेवा. हे सगळं १९९९ च्या प्रमाणापासून भाषेत आहे.

'दोनदा फॉरमॅट करायचं? वेळ जातो ना!' जातो. मग पहिल्यांदा छोट्या बफरमध्ये प्रयत्न करा, मावलं नाही तरच मॅलॉक करा. पण परत आलेला आकडा तपासा तरी!

२०११ च्या प्रमाणाने 'गेट्स' फंक्शन हद्दपार केलं, स्प्रिंटएफ मात्र अजून आहे. ते काढायची वाट कशाला बघायची? आपणच सोडू. आणि टेस्टिंगला एखादं लांबलचक मराठी नाव घ्या. कारण बिलावर, तिकिटावर अर्धवट छापलं जातं ते कुणाचं तरी नाव असतं, आणि तो माणूस आपला बफर केवढा होता हे विचारत नाही.