डॉक्टर वाढले, मग काम कुठे अडले?



ब्रिटनच्या ‘एनएचएस’मध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, डॉक्टर-परिचारिका वाढल्या, पण त्या प्रमाणात रुग्ण तपासले गेले नाहीत, सबब हा कामचुकारपणा, असा निष्कर्ष गेल्या अंकातील पत्रात काढला आहे. भागाकार बिनचूक आहे. घोळ आहे तो अंशात आणि छेदात काय धरले, यात.

१९९८पर्यंत ब्रिटनच्या राष्ट्रीय लेख्यांत सरकारी आरोग्यसेवेचे उत्पादन म्हणजे तिच्यावर झालेला खर्च, असेच धरले जाई. साहजिकच उत्पादकता जागची हलत नसे. पुढे शस्त्रक्रिया, तपासण्या मोजून त्यांना खर्चानुसार भार देणे सुरू झाले. अर्थतज्ज्ञ सर टोनी अ‍ॅटकिन्सन यांच्या २००५च्या अहवालाने दर्जाही हिशेबात धरण्याचा आग्रह धरला: रुग्ण वाचला का, किती ताटकळला.

मोतीबिंदूचेच घ्या. पूर्वी रुग्ण काही दिवस खाटेवर पडून राही. आता सकाळी शस्त्रक्रिया आणि दुपारी डोळ्यात घालायचे थेंब घेऊन घरी. खाटांचे दिवस मोजले तर काम घटले, बरे झालेले डोळे मोजले तर वाढले.

शिवाय छेदात फक्त माणसे नसतात. सर्जन लॉर्ड दार्झी यांच्या ‘एनएचएस’वरील सप्टेंबर २०२४च्या अहवालाने नेमके हेच दाखवले. कर्मचारी वाढले, पण इमारती मोडकळीस आलेल्या आणि यंत्रे जुनाट. त्यात सुमारे १३ टक्के खाटा अडलेल्या, कारण त्यांवरील रुग्णांना बाहेर सांभाळण्याची सोयच झालेली नाही. खाट मिळेना, तर सर्जन शस्त्रक्रिया करणार कुणावर?

ठपका ठेवण्याआधी पत्रलेखकाने निदान या खाटा तरी वजा करायला हव्या होत्या.

— एक वाचक